एका जग्वार मार्क टूची वंशावळ: कागद, पत्रा आणि मधली मोकळी वर्षं

हे प्रकरण इंग्लंडमधलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं, गाडीचा नंबर, चासी नंबर काहीच दिलेलं नाही आणि एकदोन बारकावे मुद्दाम बदललेत. गाडी घेणाऱ्याला आपण क्ष म्हणूया, तो माझा जुना मित्र, आणि कागद शोधायचं काम मी त्याच्याबरोबर बसून केलं म्हणून हे सगळं आतून माहीत आहे.

पार्श्वभूमी

मार्क टू ही जग्वारची चार दरवाज्यांची सेडान. ऑक्टोबर १९५९ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या मोटर शोमध्ये आली आणि १९६७ पर्यंत कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात बनत होती. इंजिनं तीन, २.४, ३.४ आणि ३.८ लिटर, आणि सगळ्यांचा जीव अर्थातच ३.८ वर. ३७८१ सीसी, सहा सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, २२० हॉर्सपॉवर, चारी चाकांना डिस्क ब्रेक, आणि घरच्या चार माणसांना बसवून ताशी १२५ मैलांपर्यंत जाणारी गाडी, तेही १९६० सालात! पोलिसांनी मोटरवेवर गस्त घालायला हीच वापरली आणि दरोडेखोरांना पळून जायला पण हीच आवडायची, त्यामुळं झालंय काय की आज जी मार्क टू विकायला निघते तिला काहीतरी कहाणी चिकटलेलीच असते.

क्षला ३.८ च हवी होती, हाताच्या गिअरची, ओव्हरड्राइव्हवाली (म्हणजे वेगात इंजिन कमी फिरावं म्हणून वरचा जास्तीचा गिअर असलेली). सापडली ती १९६२ ची, गडद राखाडी रंगाची, तारांच्या चाकांची. विकणारा माणूस गाड्यांच्या धंद्यातला नव्हता. त्याचे मामा वारले, गाडी वारशानं त्याच्याकडं आली, सोबत कागदांनी फुगलेली एक फाईल, आणि मामा आयुष्यभर जे सांगत आले तेच तो सांगत होता. हे आधीच लिहितो कारण अशा प्रकरणात विकणारा लबाड असतो असं आपण धरून चालतो, इथं तसं अजिबात नव्हतं.

सांगणं तीन गोष्टींचं होतं. एक, गाडी मूळची कूम्ब्सची. दोन, मॅचिंग नंबर्स, म्हणजे कारखान्यातून निघाली तेच इंजिन आजही आहे. तीन, आत्तापर्यंत फक्त चार मालक.

पहिल्याचं वजन सगळ्यात जास्त. गिल्डफर्डचे जॉन कूम्ब्स हे जग्वारचे डीलर, त्यांची स्वतःची रेसिंग टीम होती, त्यांच्या मार्क टू रॉय साल्वाडोरी आणि ग्रॅहम हिल यांनी रेसमध्ये पळवल्या, त्यातली बीयूवाय १२ नंबरची गाडी तर जुन्या फोटोंमधून सगळ्यांनी पाहिलेली. गिऱ्हाइकांनाही ते गाडीत बदल करून द्यायचे, बॉनेटला हवेसाठी कापलेल्या पट्ट्या म्हणजे लूव्हर्स, मागच्या चाकांवरची झाकणं कापून मोकळी केलेली, इंजिनवर काम वगैरे. अशा गाड्या मोजक्याच आणि किंमत साध्या ३.८ पेक्षा बरीच वर. पण लूव्हर्स आणि कापलेली झाकणं कुठलाही चांगला पत्र्याचा कारागीर आज करून देईल, आणि लोकांनी दिलीच आहेत.

आमच्या गाडीला दोन्ही होतं, आणि किंमतही त्याच हिशेबानं मागितली होती.

अडचण कुठं होती

फाईल जाड होती पण जवळजवळ सगळे कागद १९८९ नंतरचे, म्हणजे मामांच्या काळातले. त्याआधीची सत्तावीस वर्षं जवळजवळ कोरी. कूम्ब्सबद्दल एकही बिल नाही, पत्र नाही, काही नाही. मामांच्या हस्ताक्षरात एका पानावर तसं लिहिलेलं होतं, बस.

‘चार मालक’ कुठून आलं ते मात्र लगेच कळलं. ब्रिटनमध्ये गाडीचं जे नोंदणीपत्र असतं, व्ही५सी, त्यावर आधीच्या कीपरांचा, म्हणजे गाडी ज्यांच्या नावावर नोंदलेली होती त्यांचा, आकडा छापलेला असतो. इथं दोन गोष्टी लक्षात घ्यायला लागतात. पहिली, ते नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नाहीच, तसं त्याच्यावरच लिहिलेलं असतं, गाडी कोणाच्या ताब्यात आहे आणि टॅक्सला कोण जबाबदार आहे एवढंच ते सांगतं. कंपनीची गाडी डायरेक्टरच्या नावावर असू शकते, बापाची मुलाच्या. दुसरी गोष्ट मोठी आहे: १९७४ च्या ऑक्टोबरपर्यंत नोंदणीचं काम प्रत्येक काउंटी आणि मोठ्या शहराच्या कार्यालयात हातानं चालायचं, त्यानंतर ते हळूहळू स्वान्सीच्या कॉम्प्युटरवर गेलं, आणि जुन्या गाड्या त्यात चढवायची शेवटची मुदत होती नोव्हेंबर १९८३. म्हणजे छापलेला आकडा गाडी कॉम्प्युटरवर चढली तिथपासूनचा. त्याआधी दोन मालक झाले की दहा, तो आकडा काहीच बोलत नाही.

आणि मग नंबरप्लेट. गाडीवर जुन्या पद्धतीचा, वर्षाचं अक्षर नसलेला नंबर होता, बघणाऱ्याला वाटावं १९६२ चाच. पण अक्षरांचा शेवट एसयूनं होत होता. एसयू, एसव्ही, एसजे अशा न वापरलेल्या स्कॉटिश मालिका नंतर अशा गाड्यांना दिल्या गेल्या ज्यांचा मूळ नंबर काढून दुसऱ्या गाडीला लावला गेला. इंग्लंडमध्ये जुना छोटा नंबर विकून चांगले पैसे मिळतात, त्यामुळं हे हजारो गाड्यांचं झालंय. म्हणजे आपल्यापुढं आहे ती नंतर दिलेली प्लेट, आणि मूळ नंबर माहीत नसेल तर १९८९ च्या मागं जायचं दारच बंद, कारण जुनी बिलं, फोटो, विम्याचे कागद, सगळं त्या मूळ नंबरानं बोलणार.

कोणते पर्याय होते

क्षचा पहिला कल होता की गाडी आवडली आहे, पत्रा चांगला आहे, घासाघीस करून घेऊन टाकू, इतिहास नंतर शोधू. हे वाटतं तितकं वेडेपणाचं नाही, बरेच जण असंच करतात, पण मग किंमत कहाणीची द्यायची आणि शोधाचा निकाल उलटा लागला तर बोलणार कोणाशी. ब्रिटनमध्ये खासगी विक्रीतही चुकीचं सांगून विकलं तर १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन कायद्याखाली दाद मागता येते हे खरं, पण आईबापासारख्या मामाच्या शब्दावर विश्वास ठेवून बोलणाऱ्या माणसाला कोर्टात खेचायची क्षची तयारी नव्हती, आणि मला ते बरोबर वाटलं.

दुसरा पर्याय, सोडून द्या, दुसरी बघा. ३.८ तीस हजारांच्या आसपास बनल्या, त्यामुळं दुसरी मिळाली असती. तिसरा, फक्त एका जाणकाराकडून गाडी तपासून घ्यायची. त्यानं पत्रा आणि इंजिनची अवस्था कळली असती, वंशावळ नाही.

चौथा म्हणजे आधी इतिहास शोधायचा, मग किंमत बोलायची. आणि इथं या सगळ्या प्रकरणातला खरा पेच होता. कारखान्याच्या नोंदींवरून निघणारं हेरिटेज सर्टिफिकेट असो की डीव्हीएलए या सरकारी नोंदणी कार्यालयाकडून मिळणारी जुन्या नोंदींची नक्कल असो, अर्ज ज्याच्याकडं गाडी आहे त्यानं केला तर सरळ होतो, नुसत्या इच्छुक गिऱ्हाइकाला ते सहज मिळत नाही. म्हणजे ज्या शोधानं विकणाऱ्याची किंमत खाली येऊ शकते तो शोध विकणाऱ्याच्याच सहीनं करायचा. तो का करेल?

आम्ही त्याच्यापुढं सरळ बोलणं ठेवलं. खर्च सगळा क्ष करेल. जे निघेल ते दोघांनाही त्याच दिवशी कळेल. निकाल काहीही लागो आणि गाडी कोणीही घेवो, जमा झालेली फाईल गाडीबरोबर राहील. आणि तोपर्यंत क्षनं छोटी रक्कम इसार म्हणून ठेवायची, जी दोघांपैकी कोणालाही सौदा नको झाला तर परत. हे सगळं एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. त्याला हे पटलं याचं कारण मला वाटतं तिसरं कलम, कारण कूम्ब्सची गोष्ट खरी निघाली असती तर फुकटात त्याच्या हातात पुरावा आला असता, आणि त्याची मामांवर श्रद्धा होती.

काय केलं

सर्टिफिकेट आधी मागवलं. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडं कारखान्याची मूळ लेजर्स, म्हणजे नोंदवह्या, आहेत, चासी नंबर आणि मालकीचा कागद दिला की त्या पानावरचं लिहून देतात: चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे मूळ नंबर, रंग, आतलं चामडं, तयार झाल्याची आणि रवाना झाल्याची तारीख, आणि गाडी कुठल्या वितरकाकडं गेली. चासी नंबर २००००१ च्या मालिकेतला होता, म्हणजे उजव्या स्टिअरिंगची ३.८, आणि शेवटी डीएन, म्हणजे ओव्हरड्राइव्ह. हे सर्टिफिकेट यायच्या आधीच कळत होतं पण लेजरनं शिक्कामोर्तब केलं. रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट, आत लाल चामडं. आणि वितरक, लीड्सचा ॲपलयार्ड.

लीड्स म्हणजे यॉर्कशर, गिल्डफर्डपासून दूर उत्तरेला. ज्यांना जग्वारचा इतिहास माहीत आहे त्यांना ॲपलयार्ड हे नाव वेगळ्या कारणानं आवडेल, इयान ॲपलयार्ड म्हणजे एनयूबी १२० नंबरच्या एक्सके१२० मधून आल्प्सच्या रॅली जिंकणारे, बाजूच्या सीटवर पत्नी पॅट, ती जग्वारच्या सर विल्यम लायन्स यांची मुलगी. क्षचा चेहरा उतरला होता, मी मात्र खूश झालो, कारण हे काही कमी घराणं नाही.

पण यानं कूम्ब्सचा मुद्दा निकालात निघाला का? नाही. लीड्सला विकलेली गाडी नंतर दक्षिणेत कोणी नेऊन कूम्ब्सकडून बदल करून घेणं अशक्य नव्हतं. म्हणून आम्ही थांबलो नाही.

दुसरी पायरी पत्रा. विकणारा मॅचिंग नंबर्स म्हणत होता ते कशावरून, तर नोंदणीपत्रावरचा इंजिन नंबर आणि मामांनी कधीतरी काढलेल्या नोटमधला नंबर एक होता म्हणून. सर्टिफिकेट आलं, त्यावरही तोच नंबर, एलबीनं सुरू होणारा. सगळे कागद एकमेकांशी जुळले. पण कागद कागदाशी जुळला याचा अर्थ लोखंड जुळलं असं होत नाही, हे तपासायला बॉनेट उघडून टॉर्च लागते. मार्क टूमध्ये इंजिन नंबर दोन ठिकाणी ठोकलेला असतो, सिलिंडर हेडवर पुढच्या टोकाला आणि ब्लॉकवर उजव्या बाजूला ऑइल फिल्टरच्या वर. हेडवरचा सहज दिसतो. तो एलबीवालाच, मूळ. ब्लॉकवरचा ग्रीस आणि रंगाच्या थराखाली होता, हळूच पुसल्यावर निघालं ७बी. ७बी म्हणजे एस-टाइप या जग्वारच्याच दुसऱ्या गाडीचं इंजिन, आणि एस-टाइप बाजारात आली १९६३ मध्ये, त्यामुळं १९६२ च्या गाडीत ते कारखान्यातून येऊच शकत नाही. कोणीतरी कधीतरी ब्लॉक बदलला आणि मूळ हेड त्याच्यावर ठेवलं.

दावा गेला, पण बदल्यात मिळालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. पुढं बॉनेटच्या कुलपाच्या पट्टीवर ठोकलेला चासी नंबर आणि हेडवरचा नंबर हे दोन्ही लेजरच्या एकाच ओळीत होते. बॉडी नंबर पण त्याच ओळीतला. मागचा ॲक्सल ओव्हरड्राइव्हच्या गाडीला असतो तसा ३.७७ चा, लिमिटेड स्लिपवाला, जो ३.८ ला कारखान्यातूनच यायचा. म्हणजे ही गाडी तीच आहे, ३.४ ची बॉडी घेऊन ३.८ केलेली किंवा कापून जोडलेली नाही. एवढी खात्री बऱ्याच महागड्या गाड्यांची देता येत नाही.

मूळ नंबर कसा सापडला ही गोष्ट आता. एका संध्याकाळी क्षच्या घरी आम्ही फाईल टेबलावर पसरून कागद वर्षांप्रमाणे लावत होतो आणि एक बिल मी बाजूला काढून ठेवलं, कारण त्यावर नंबर दुसऱ्याच गाडीचा होता. १९७० च्या दशकातलं गॅरेजचं बिल, हॅरोगेटकडच्या एका बाईंच्या नावावर, ब्रेक आणि क्लचचं काम. फाईलमध्ये चुकून आलं असेल म्हटलं. वहिनी चहा घेऊन आल्या, ते उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "भावजी, पण प्लेट तर बदललीये म्हणता ना? मग जुन्या कागदावर जुनाच नंबर असणार की." अगदी बरोबर होतं. त्या नंबराची शेवटची दोन अक्षरं होती यूएम, आणि यूएम म्हणजे लीड्स.

तरी अक्षरांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. बीयूवाय १२ चंच घ्या, यूवाय हे वूस्टरशरचं अक्षर आहे आणि गाडी सरेमधल्या गिल्डफर्डची. नंबर हलतात. म्हणून आम्ही त्या नंबरासाठी गाडीवरच खूण शोधायला गेलो, आणि मागच्या दाराच्या छोट्या काचेच्या कोपऱ्यात, बारीक कोरलेला, तोच नंबर. १९८० च्या दशकात चोरी होऊ नये म्हणून काचांवर नंबर कोरून घ्यायची पद्धत होती. बाकीच्या काचा बदलल्या असाव्यात, ही एक राहिली. काच पण दुसऱ्या गाडीवरून आलेली असू शकते, म्हणून शेवटचा शब्द डीव्हीएलएचा.

तो अर्ज, व्ही८८८, विकणाऱ्याच्या नावानं आधीच गेला होता, जुन्या नोंदींसकट मागायची फी पाच पौंड. आलेल्या नकलांमध्ये माणसांची नावं पत्ते काळे केलेले, तशी अपेक्षाच होती, डेटा संरक्षणाचे नियम आहेत आणि ते असावेत. पण बाकीचं सगळं वाचता येत होतं. पहिली कॉम्प्युटर नोंद १९८३, आमचा चासी नंबर, यूएमवाला नंबर, रंग पांढरा. १९८६ ला कीपर बदल. १९८९ ला परत बदल, हे मामा. त्याच वर्षी नंबर दुसऱ्या गाडीला गेला आणि एसयूवाला मिळाला. १९९१ ला रंग राखाडी. इंजिन नंबर पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच जुना एलबी, म्हणजे ब्लॉक बदलल्याचं कोणी कधी कळवलंच नाही. १९८३ चा, १९८६ चा, मामा आणि आता भाचा, झाले चार.

आता त्या बाईंचं काय करायचं, हा माझ्या मते सगळ्यात नाजूक निर्णय होता. पत्ता बिलावर होता. क्ष म्हणाला गाडी काढू आणि जाऊन दार वाजवू. मी नको म्हटलं. चाळीसेक वर्षांनी अनोळखी माणसं दारात उभी राहून तुमच्या जुन्या गाडीबद्दल विचारायला लागली तर कोणालाही भीती वाटेल, आणि त्या हयात असतील की नाही हेही माहीत नव्हतं. पत्र लिहिलं, ‘या घरात पूर्वी राहणाऱ्या’ त्या बाईंसाठी किंवा त्यांच्या कुटुंबासाठी, आम्ही कोण आणि पत्ता कुठून मिळाला हे स्पष्ट लिहून, उत्तर द्यायचं नसेल तर परत त्रास देणार नाही असंही लिहून, सोबत तिकीट लावलेलं पाकीट.

पत्रात काय विचारायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. क्षला लूव्हर्सबद्दल विचारायचं होतं. पण ‘बॉनेटला लूव्हर्स होते का’ असं विचारलं की माणूस आठवायला लागतो आणि आठवतंच, मदत करायची इच्छा असते ना. कूम्ब्सचं नाव, लूव्हर्स, रेसिंग, काहीच लिहिलं नाही. गाडीबद्दल काय आठवतं आणि एखादा फोटो किंवा कागद आहे का, एवढंच.

काही आठवड्यांनी उत्तर आलं त्यांच्या भाचीचं. घरात आता राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांना विचारून पत्र तिच्यापर्यंत पोचवलं होतं, अशा माणसांचे आभार किती मानावे. मावशी गेल्या होत्या, पण त्यांनी एक बॉक्स जपून ठेवला होता. मावशी लीड्समधल्या एका कापडाच्या कंपनीत मुख्य अकाउंटंट, आणि गाडी १९६२ मध्ये कंपनीनं डायरेक्टरसाठी नवी घेतलेली. १९६५ ला कंपनीनं ती विकायला काढली आणि हिशेब सांभाळणाऱ्या या बाईंनी स्वतः विकत घेतली. त्या व्यवहाराची पावती बॉक्समध्ये होती आणि त्यावर नुसता नंबर नाही, चासी नंबर टाइप केलेला होता! अकाउंटंट बाई, अजून काय. एका पावतीनं पहिला मालक आणि दुसरी मालकीण दोघं पक्के झाले, तेही लोखंडाशी बांधलेले.

फोटो दोन. त्यातला एक पुढून, बॉनेट सपाट, एकही लूव्हर नाही. दुसरा बाजूनं, मागच्या चाकांवर पूर्ण झाकण. आणि एक वही, पेट्रोल, मैल, दुरुस्ती सगळं बारीक अक्षरात. ती वही वाचताना मला फार भरून आलं. या बाईंनी त्या काळात, जेव्हा असली गाडी म्हणजे पुरुषांचा शौक समजला जायचा, ही गाडी रोज ऑफिसला नेली, स्कॉटलंडला नेली, आणि भाची लिहिते की मावशीला सगळ्यात अभिमान कशाचा तर चालत्या गाडीत आवाज न करता पहिला गिअर टाकता येण्याचा. ज्यांनी तो जुना मॉस गिअरबॉक्स हाताळलाय, ज्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यांना हे काय आहे ते कळेल.

वहीत इंजिन काढल्याची नोंद कुठंच नाही. शेवटची नोंद १९७० च्या दशकाच्या अखेरीची, गाडी एका डीलरला विकल्याची, डीलरचं नाव नाही. तिथून १९८३ पर्यंत काही नाही.

आणि मामांच्या फाईलमध्ये १९९१ चं, रंगकामाच्याच वेळचं, एक बिल होतं ज्यात एक ओळ होती, सेकंडहँड बॉनेट. लूव्हर्सचा उल्लेख नाही. आधी आमचं त्याच्याकडं लक्षच गेलं नव्हतं.

कूम्ब्सबद्दल आम्ही शेवटी फाईलमध्ये असं लिहिलं: गाडी लीड्सला विकली गेली, १९७० च्या दशकापर्यंत बॉनेट आणि झाकणं साधी होती, १९९१ ला बॉनेट बदललं, कूम्ब्सशी संबंध दाखवणारा एकही कागद नाही. ‘कूम्ब्सची नाही’ असं वाक्य क्षला हवं होतं, पण १९८० च्या आसपासची वर्षं हातात नसताना तसं ठामपणे लिहिणं मला पटलं नाही, पुरावा नाही एवढंच लिहिता येतं.

मोकळ्या वर्षांचं पण तसंच झालं. एका क्लबच्या मेळाव्यात एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, ही गाडी मला आठवते, ब्रॅडफर्डचा एक जण हिल-क्लाइंबला, म्हणजे चढाच्या रस्त्यावरच्या शर्यतीला, न्यायचा. नाव आठवेना, साल आठवेना, पांढऱ्या मार्क टू तर शेकडो. क्षला ते लगेच वंशावळीत घालायचं होतं, ब्लॉक बदलल्याचं कारण पण त्यात बसत होतं. मी म्हटलं वेगळं पान कर, वर ‘ऐकीव’ लिही, कोणी कधी सांगितलं ते लिही, आणि मुख्य यादीत ती वर्षं कोरी ठेव. त्यावरून आमचं थोडं वाजलं पण त्यानं ऐकलं. उद्या हीच फाईल तिसऱ्याच्या हातात जाईल आणि ऐकीव गोष्ट एकदा यादीत शिरली की पुढचा माणूस तिलाच पुरावा समजतो, कूम्ब्सचं बहुतेक असंच झालं असणार.

निकाल

विकणाऱ्याला ठरल्याप्रमाणे प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी कळवत होतो. फोटोंचं ऐकल्यावर तो गप्प झाला आणि मग विचारलं, म्हणजे मामा खोटं बोलत होते का. त्याला तेवढंच लागलं होतं, पैशाचं नंतर. कागद तसं म्हणत नाहीत हे मी त्याला समजावलं, सेकंडहँड बॉनेट लूव्हर्सवालं मिळालं असेल, विकणाऱ्यानं कूम्ब्सचं आहे म्हणून सांगितलं असेल, मामांनी विश्वास ठेवला असेल. हेही एक शक्यताच, पण खोटं बोलले असं म्हणायलाही आधार नाही.

किंमत खाली आली, मूळ ब्लॉक नसलेल्या पण चांगल्या पत्र्याच्या साध्या ३.८ ला जी असते तिच्यापेक्षा थोडी वर. ते थोडं वर क्षनं स्वतःहून दिलं, फाईलसाठी. माझ्या मते योग्य केलं, पहिल्या दोन मालकांची चासी नंबरासकट पावती असलेल्या मार्क टू फार नसतील. विमाही ठरलेल्या किमतीचा काढला आणि कंपनीला हीच फाईल दिली. डीव्हीएलएला इंजिन नंबर बदलल्याचं कळवून नोंद सरळ केली, जे इतक्या वर्षांत कोणी केलं नव्हतं.

मूळ यूएमवाला नंबर परत मिळेल का हे पण बघितलं. डीव्हीएलएच्या साइटवर कुठलाही नंबर टाकला की गाडीचा मेक आणि रंग दिसतो. तो आज एका नव्या छोट्या गाडीवर आहे, रीतसर बदली होऊन गेलेला, त्यामुळं हरवलेला नंबर परत मागायची जी योजना आहे ती इथं लागूच होत नाही. मालकानं विकला तरच. क्षनं तो नाद सोडला. बॉनेट आहे तेच ठेवलंय, पण फाईलमध्ये त्याच्यासमोर १९९१ लिहिलंय.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा करीन. टॉर्च घेऊन ब्लॉक, हेड, चासी, बॉडीचे नंबर आणि सगळ्या काचांचे कोपरे, हे पहिल्या भेटीतच, याला पैसे लागत नाहीत आणि विकणाऱ्याची सहीही लागत नाही. पुसायच्या आधी फोटो काढायचा, कारण ठोकलेल्या नंबरावरचा जुना रंग आणि ग्रीस हासुद्धा नंबर मागून ठोकलेला नाही याचा पुरावा असतो. आम्ही ब्लॉकचा काढला होता, बॉडी प्लेटचा स्क्रू मात्र फोटो न काढता साफ केला गेला होता, आमच्या आधी कोणीतरी.

फाईलमधला कुठलाही कागद ‘दुसऱ्या गाडीचा’ म्हणून बाजूला टाकायचा नाही, निदान प्लेट बदललेली आहे हे माहीत असताना तरी नाही. आणि जुन्या पत्त्यांवर पत्रं शक्य तितक्या लवकर. या गाड्यांचे पहिले मालक आता नव्वदीच्या पुढं, भाचे पुतणे पण सत्तरीत. डीव्हीएलएच्या नकला दहा वर्षांनीही मिळतील, एखाद्या मावशीचा बॉक्स घर रिकामं करताना कचऱ्यात जातो. भाचीकडचे मूळ कागद आम्ही मागितले नाहीत, स्कॅन घेतले, ते तिचे आहेत. यावर वेगळं मत असू शकतं, काही जण म्हणतील मूळ पावती गाडीबरोबरच हवी. फाईलमध्ये मूळ कुठं आहे याची नोंद ठेवली आहे.

विकणाऱ्याशी जो एक पानाचा लेखी समझोता केला तो मात्र तसाच परत करीन. त्यात एक कलम वाढवीन, की शोध पूर्ण होईपर्यंत गाडीची जाहिरात जुन्या दाव्यांसकट चालू ठेवायची नाही. आमच्या वेळी ती एका ठिकाणी चालूच राहिली होती आणि फोटोंचा निकाल हातात आल्यावरही दोन दिवस ‘कूम्ब्स’ लिहिलेलं तिथं दिसत होतं, त्यानं मुद्दाम नाही, विसरून.

राहिली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८३ पर्यंतची वर्षं. क्ष सध्या यॉर्कशरच्या जुन्या वर्तमानपत्रांमधल्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती बघतोय, पांढरी ३.८ ओव्हरड्राइव्ह, लाल चामडं. दोन जुळण्यासारख्या सापडल्यात, दोन्हीत नंबर छापलेला नाही, त्यामुळं दोन्ही अजून ‘ऐकीव’च्या पानावरच आहेत.